सकाळी सातची एक रिंग

पुण्यात येऊन मला बावीस वर्षं झाली. टोमणे मारायला मी इथे शिकले, पण भांडायला माहेरूनच शिकून आले होते. त्यामुळे मोबाइलची कंपनी बदलली आणि घरातली रेंज गेली, तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं असेल, हे वेगळं सांगायला नको. मी भांडले. तीन आठवडे भांडले, आणि तेही अगदी मन लावून.

रेंज गेली म्हणजे माझं नेमकं काय गेलं, ते आधी सांगते. माझे बाबा यवतमाळकडच्या एका तालुक्याच्या गावात टेलिफोन खात्यात लाईनमन होते. सायकलीला शिडी बांधलेली, खांद्यावर वायरचं भेंडोळं, कमरेला पक्कड. फोन बंद असल्याची तक्रार आली की बाकीचे लाईनमन थेट खांब गाठायचे. बाबांचा कायदा वेगळा होता. "आधी घर, मग खांब." आधी तक्रार करणाऱ्याच्या घरी जायचं, माणसाला भेटायचं, दोन शब्द बोलायचे, मग फोन बघायचा, मग वायर आणि सगळ्यात शेवटी खांब. बहुतेक वेळा दोष घरातच निघायचा. उंदरानं वायर कुरतडलेली असायची, नाही तर पोरांनी रिसीव्हर आडवा टाकलेला असायचा. बाबा म्हणायचे, "जे घर पाहत नाहीत ते दिवसभर खांबावरच लटकून राहतात."

दुरुस्ती झाली की ते एक्स्चेंजला सांगायचे, रिंग द्या. त्या घरातला फोन एकदा खणखणला की काम संपलं. मग चहा. रिंग यायच्या आधी घरातल्या बाईनं चहा पुढे केला, तर कप तसाच गार व्हायचा. "लाईन चालू झाल्याबिगर चहा नाही," हे वाक्य आमच्या गावात बरेच जण बाबांच्या आवाजात म्हणून दाखवायचे.

मी नोकरीसाठी पुण्याला आले आणि पहिला मोबाइल घेतला, तेव्हा बाबांनी तोच कायदा मला लावला. रोज सकाळी सात वाजता त्यांच्याकडून एक रिंग. उचलायची नाही. मी लगेच एक रिंग परत द्यायची. एका रिंगच्या वर फोन वाजत राहिला तर मात्र उचलायचा, म्हणजे काही तरी झालंय. सुरुवातीला कॉल महाग होते म्हणून हे चालायचं. पुढे कॉल फुकट झाले तरी रिंग तशीच राहिली. माझ्या लग्नाच्या दिवशी बाबा मांडवात होते आणि मी दहा पावलांवर हळदीच्या पाटावर. तरी सातला माझा फोन एकदा वाजला. मी पिवळ्या हातांनी परत रिंग दिली, तेव्हा सगळ्या बायका हसल्या. मलाही तेव्हा ते जरा खुळंच वाटलं होतं.

सहा वर्षांपूर्वी आई गेली आणि त्या रिंगचा अर्थ बदलला. बाबा घरात एकटे. पुण्याला चला म्हटलं की म्हणायचे, "जन्मभर खांबावर चढलो. आता म्हातारपणी तू मले बाराव्या मजल्यावर चढवून राहिली काय?" सातची रिंग आली म्हणजे बाबा उठले, तोंड धुतलं, स्वतःच्या पायावर उभे आहेत. एवढंच कळायचं, आणि मला तेवढंच हवं असायचं. बाकी गप्पा बुधवारी. बुधवारी मी घरून काम करते. जेवणाच्या सुट्टीत पाय वर घेऊन बाबांशी निवांत बोलायचं, हा आमचा नेम होता.

आमचं घर वाघोलीला आणि ऑफिस खराडीला. ऑफिसात माझ्या जागेवर जुन्या कंपनीची रेंज लंगडायची. माझ्या टीममधली एक मुलगी रोज म्हणायची, "मॅम, पोर्ट मारून टाका ना. नंबर सेम राहतो. एकदम सॉर्टेड." तिच्या फोनवर व्हिडिओ लोण्यासारखे चालायचे. मला काय दुर्बुद्धी सुचली, मी पोर्ट मारलं. नवं सिम चालू झालं त्या दिवशी ऑफिसात पाचही काड्या उभ्या. मी चारचौघींना दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सात वाजले. सव्वासात झाले. फोन गप्प. बघते तर रेंजच्या जागी फुली! अगं बाई, म्हटलं, हे काय! नवऱ्याच्या फोनवर, जुन्याच कंपनीची, सगळी रेंज. त्याचा फोन ओढला आणि बाबांना लावला. पलीकडून एकदम ताठ आवाज आला, "बोला, जावईबापू." आणि पुढच्याच श्वासाला, "पोरगी बरी आहे ना?"

"मीच आहे बाबा."

"मग जावईबापूंच्या फोनवरून काहून? मी घाबरलो ना."

मी सगळं सांगितलं. म्हटलं, उद्यापासून याच नंबरवर रिंग द्या, इथे व्यवस्थित लागते. बाबांनी साफ नाही म्हटलं. "जावयाले सकाळी सकाळी मिस कॉल मारू? कसं दिसते ते!" आमच्याकडे जावई म्हणजे देवाच्या खालोखाल. तो देव तेव्हा बनियनवर, तोंडात ब्रश धरून, माझा फोन कधी परत देतेस अशा नजरेनं उभा होता. मी वाद घातला, पण बाबा ऐकायला तयार नव्हते. शेवटी म्हणाले, "लाईन दुरुस्त कर. पहिले घर पाय."

मग मी घर पाहिलं. फोन बंद करून चालू केला. विमानाचं चिन्ह दाबून सोडलं. सिम काढून ओढणीनं पुसलं आणि परत बसवलं. कव्हर काढलं. सेटिंगमध्ये शिरून नेटवर्क हातानं निवडलं. मग आरतीचं तबक फिरवावं तसा फोन घरभर फिरवला. हॉलमध्ये फुली, बेडरूममध्ये फुली, देवघरापाशीही फुली. वॉशिंग मशीनच्या बाल्कनीत, कोपऱ्यात, भिंतीला टेकून उभं राहिलं की एक काडी यायची. कुणी शिंकलं तरी ती जायची.

कस्टमर केअरवाला अत्यंत गोड होता. म्हणाला, "मॅडम, आमच्या सिस्टीमनुसार आपण उत्तम कव्हरेजमध्ये आहात." म्हटलं, "अहो, मी तुमच्या सिस्टीममध्ये राहत नाही, वाघोलीत राहते." त्यावर त्यानं मला फोन बंद करून चालू करायला सांगितलं. परत जुन्या कंपनीत जाते म्हटलं, तर तीन महिने जाता येत नाही असं कळलं. लग्न मोडायला लागतो तेवढा वेळ नाही, पण आपलंच डोकं आपटून घ्यायला पुरेसा.

शेवटी गेटबाहेरच्या मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार इथलाच. आमची सोसायटी उभी आहे त्या जमिनीत त्याच्या वडिलांनी ज्वारी काढलेली. त्यानं फोन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "फोन चांगला हाय, सिम चांगलं हाय. टावरच नाय ना ताई."

"का नाही? एवढी मोठी कंपनी!"

"आवो, त्यांचा टावर तुमच्याच बिल्डिंगच्या टेरेसवर येणार व्हता. तुमच्या सोसायटीनंच लिवून दिलं, नको म्हणून. लई कडक अर्ज व्हता म्हणत्यात."

तो अर्ज मी लिहिला होता. दीड वर्षापूर्वी सोसायटीच्या मीटिंगमध्ये टॉवरचा विषय निघाला, तेव्हा सगळे माझ्याकडे वळले, कारण माझं मराठी चांगलं. 'बालके व ज्येष्ठ नागरिक यांच्या आरोग्यास निर्माण होणारा गंभीर धोका' असं मी त्यात लिहिलं होतं, आणि ते वाचून दाखवल्यावर टाळ्यासुद्धा पडल्या होत्या. कंपनीचं नाव मी लिहिताना नीट पाहिलंही नव्हतं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "अर्ज छान झाला होता पण." हा मूळचा पुण्याचा. याहून जास्त सहानुभूती त्याच्याकडे नसते.

दुकानदारानं वायफायवरून कॉल घेण्याचा उपाय सांगितला, पण माझ्या जुन्या फोनमध्ये ती सोय नव्हती, आणि बाबांचा फोन साधा बटणांचा, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपही नाही. नवा फोन घ्यायचं ठरलं. येत्या रविवारी जाऊ, असं तीन रविवार म्हटलं.

तोवर एक तात्पुरती वाट सापडली. फोनला रेंज नसताना कुणी कॉल केला, तर रेंज आल्यावर तसा मेसेज यायचा. साडेआठला ऑफिसला निघाले की गेटपाशी पोचताच फोन टिंगटिंग करायला लागायचा. बँक, सेल, कुठल्या तरी क्लासची जाहिरात, आणि त्यात तो एक मेसेज. बाबांचा नंबर, वेळ सात वाजून एक मिनिट. मी तिथेच उभी राहून एक रिंग परत द्यायचे. बुधवारी घरी असले तरी चपला घालून गेटपर्यंत उतरायचे. एकदा संध्याकाळी ऑफिसातून फोन केला, तेव्हा बोलता बोलता बाबा म्हणाले की हल्ली चहाला उशीर होतो.

"का?"

"तुझी रिंग साडेआठले येते ना."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी भडकले. म्हणजे हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस माझी रिंग परत येईपर्यंत दीड तास बिनचहाचा बसून राहतो! म्हटलं, "बाबा, तुम्ही आता नोकरीत नाही. चहा घ्या आणि मोकळे व्हा." ते नुसते हसले. "सवय आहे बाई," म्हणाले. मला रडूही येत होतं आणि रागही. राग मी अर्थातच कंपनीवर काढला. दुसऱ्या दिवशी कस्टमर केअरच्या पोरीला म्हटलं, "तुमच्यामुळे माझ्या बाबांना चहा मिळत नाहीये." ती बिचारी म्हणाली, "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

दुसरी भानगड म्हणजे ऑफिसचं लॉगिन. मोबाइलवर ओटीपी आल्याशिवाय आमचं लॅपटॉपमधलं काम उघडत नाही. पहिल्या बुधवारी वॉशिंग मशीनपाशी उभं राहून ओटीपी मिळवला. दुसऱ्या बुधवारी तोही आला नाही आणि साहेबांनी ऐकवलं. म्हणून तिसऱ्या बुधवारी मी ठरवलं, सरळ ऑफिसलाच जायचं. बाबांना हे सांगायचं राहून गेलं.

त्या बुधवारी गेटपाशी फोन वाजायला लागला. बँक. सेल. आदल्या रात्रीचा ओटीपी. बाबांचा मेसेज नाही. दोन मिनिटं थांबले. नाहीच. आणि मला काय वाटलं, सांगू? लाज वाटते, पण सांगते. मला आनंद झाला. म्हटलं, कंपनीवाले, आता सापडलात! रेंज तर नाहीच, पण आता तुमचे मेसेजसुद्धा पोचत नाहीत. आज चांगली हजामत करते तुमची. बाकीचे सगळे मेसेज व्यवस्थित पोचले होते, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरलीच नाही. कॅब आली होती, म्हणून रिंग परत द्यायचंही राहिलं.

दहा वाजता ऑफिसातून बाबांना फोन लावला, नेहमीसारखी एक रिंग नव्हे, पूर्ण. वाजून वाजून बंद झाला. बाजारात गेले असतील, म्हटलं. हल्ली ऐकूही कमी येतं. मीटिंग होती, त्यात शिरले.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता कस्टमर केअरला लावला. चाळीस मिनिटं बोलले. त्या दिवशी मी अगदी बहरात होते. ट्रायकडे जाईन, ग्राहक पंचायतीकडे जाईन, सगळं म्हणून झालं. तक्रार नोंदवून घेतली, तिचा नंबर कागदावर उतरवला, खाली रेघ मारली. शेजारच्या टेबलावरच्या मुलींनी अंगठे वर करून शाबासकी दिली. फोन ठेवला आणि तोच वाजला. अनोळखी नंबर. बाबांच्या शेजारच्या काकू होत्या. त्यांच्या मोबाइलवरून त्या मला पहिल्यांदाच फोन करत होत्या.

"ताई, घाबरू नको. तुझे बाबा न्हाणीत पडले. पहाटेपासून पडून होते माय. मी दही द्यायले गेली तं कण्हण्याचा आवाज आला."

बाबा साडेसहाला पाय घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. फोन आत खाटेवर, आणि ते न्हाणीत, ओल्या फरशीवर, सात तास.

वाघोलीहून यवतमाळ म्हणजे गाडीनं दहा-बारा तास. नवरा गाडी चालवत होता. एरवी टोमण्यावाचून न बोलणाऱ्या या माणसानं वाटेत न मागता पाण्याची बाटली पुढे केली. मी हातातल्या फोनकडे बघत होते. बावीस वर्षं ती रिंग कशासाठी होती? न वाजण्यासाठी होती. ज्या दिवशी वाजणार नाही, त्या दिवशी मला कळावं म्हणून ती रोज वाजत होती. पण लाईन खराब झाली की न वाजण्याला अर्थच उरत नाही. वाजलं नाही, तर कंपनीचा दोष. मेसेज नाही, तर कंपनीचा दोष. उचलला नाही, तर बाजारात गेले असतील. काकूंच्या घरचा लँडलाइन नंबर माझ्याकडे होता. एक फोन केला असता, तर त्या साडेआठलाच दार वाजवून आल्या असत्या. मला ते सुचलं नाही. लाईनमनची मुलगी मी, घर न बघता दिवसभर खांबावर लटकून होते, आणि वरून ओरडत होते.

सकाळी जिल्ह्याच्या हॉस्पिटलात पोचलो. बाबा खाटेवर, पायाला वजन बांधलेलं. एवढेसे दिसत होते. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. मी पायथ्याशी उभी राहिले, पुढे जायचं धाडस होईना. वाटेत माफीची किती तरी वाक्यं जुळवली होती. मराठी चांगलं ना माझं! त्यातलं एकही आठवेना. मी फक्त त्यांच्या पावलाला हात लावला आणि रडायला लागले.

"रडून काहून राहिली? हाड आहे, जुळते," बाबा म्हणाले. आवाज खोल गेलेला होता. मग जवळ बोलावलं आणि डोळे बारीक करून विचारलं, "काल दहाच्या सुमारास तुझा फोन वाजला होता ना?"

मी मान हलवली.

"पुरा वाजला. मी पडल्या पडल्या ऐकलं. उठता तं येत नव्हतं. पण म्हटलं, आज बुधवार, पोरगी घरी आहे. घरून लागला म्हणजे लाईन सुधरली तिची." त्यांच्या तोंडावर चक्क समाधान होतं. "बरं वाटलं बाप्पा. मग तेवढं दुखलं नाही."

मी खराडीत होते, एसीत. पाचही काड्या होत्या. घरातली फुली अजून तशीच होती.

"सुधरली ना?" बाबांनी पुन्हा विचारलं.

"सुधरली बाबा," मी म्हटलं.

"मग चहा सांग," बाबा म्हणाले. "कालपासून घेतला नाही."